लेंटमध्ये तरुण संघासाठी वर्ग : कमाईचा आनंद आणि प्रभूतला आनंद, आखणी कशी करावी?

रेल्वेलाईन्स :
जय ख्रिस्त मंडळी. इथं सोलापुरात तरुण संघासाठी लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात, अभ्यासवर्ग ठेवायचा आहे. दहा-बाराजण येतील. टॉवेलच्या कारखान्यात जाणारे, गारमेंटला शिलाईवर असणाऱ्या मुली, दोघी नर्सिंगच्या, दोघं-तिघं भरतीची तयारी करणारे. विषय ठरलाय ‘जगिक लाभ आणि प्रभूतला टिकाऊ आनंद’. विषय चांगला, पण यावर नेहमीचं प्रवचन झालं की पोरं आमेन म्हणतात आणि फाटकाबाहेर पडल्या पडल्या ईएमआयवर कुठला मोबाईल घ्यायचा यावर येतात. शिवाय कॉटेज प्रार्थनेत (घरोघरी होणाऱ्या) साक्षीला, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते सांगायला, कुणी उठलं की नोकरी लागली, प्लॉट झाला, गाडी आली, स्तुती असो. शिकवायचं एक आणि टाळ्या दुसऱ्यालाच, असं होतं ओ. मला कृती हवी आहे. कुठला भाग, किती वेळ, घरी काय करायला द्यायचं आणि कुठं फसतं, तेवढं सांगा.

सातरस्ता :
नव्या करारातलं फिलिप्पैकरांस पत्र घ्या, प्रेषित पौलानं फिलिप्पै शहरातल्या मंडळीला लिहिलेलं, दुसरं काही शोधू नका. ४ अध्याय, १०४ वचनं. मोठ्यानं वाचलं तर पंधरा-वीस मिनिटांत संपतं. पौल कैदेत बसून लिहितोय आणि पानापानावर आनंद करा म्हणतोय.

पण थेट पत्रापासून सुरुवात करू नका. आधी प्रेषितांची कृत्ये, अध्याय १६, वचन ११ पासून शेवटपर्यंत. हे वाचल्याशिवाय पत्र हवेत राहतं. फिलिप्पै शहरातली मंडळी (चर्च) सुरू झाली ती लुदिया नावाच्या बाईच्या घरात, आणि तिचा धंदा काय? जांभळी वस्त्रं विकण्याचा. सोलापुरात कापडाचं नाव काढल्यावर पोरांचे कान आपोआप टवकारतील. ती दुकान बंद करून संन्यास घेत नाही, घर उघडते. म्हणजे पहिल्याच बैठकीत ‘पैसा वाईट’ हा सोपा निष्कर्ष बाद होतो.

पुढं १९ वं वचन नीट बघा. एका दासीच्या अंगातल्या आत्म्यामुळं तिच्या धन्यांना मोठी कमाई होत होती. पौलानं तिला मोकळं केलं, आणि धन्यांना दिसलं की मिळकतीची आशा गेली. म्हणून मारहाण, म्हणून तुरुंग. ती मुलगी बरी झाली याचा त्या घरात कुणालाच आनंद नाही. आणि त्याच रात्री आतल्या कोठडीत, पाय खोड्यात असताना, दोघं देवाला गीतं गातायत. तुमचा विषय या एका अध्यायात समोरासमोर उभा आहे. वर्ग घेणाऱ्यानं एवढंच विचारायचं : या अध्यायात कुणाचा आनंद कशावर टेकलेला आहे, आणि ते काढून घेतल्यावर काय उरतं?

लेंटचं गणित असं. भस्म बुधवार ते ईस्टरच्या आदला शनिवार हे ४६ दिवस होतात. रविवार धरत नाहीत, म्हणून ४०. पहिले चार दिवस (बुध ते शनि) जुन्या करारातलं उपदेशक, अध्याय २ घरी वाचायला द्या, रोज तोच. मग सहा आठवडे : कृत्ये १६, फिलिप्पै १, २, ३, मग ४:१-९, मग ४:१०-२३. बैठक ५० मिनिटांची. पाच मिनिटं भजन, पंधरा मिनिटं वाचन (दोनदा, वेगवेगळ्या आवाजांत), वीस मिनिटं चर्चा, बाकी प्रार्थना. तासाच्या वर गेलात की दुसऱ्या शिफ्टवाले उठून जाणार.

उपदेशक २ मध्ये एक जागा बहुतेक लोक घाईत ओलांडतात. घरं, द्राक्षमळे, बागा, तळी, सोनंनाणं, गाणारे-गाणाऱ्या ही यादी झाल्यावर दहाव्या वचनात तो म्हणतो की माझ्या परिश्रमांत माझ्या मनाला आनंद झाला. आनंद मिळतच नाही असं तो म्हणत नाही! मिळतो, पण पुढच्याच वचनात मागं वळून बघताना हातात काही नसतं. पुढं १८-१९ मध्ये वेगळीच टोचणी : हे सगळं ज्याच्या हाती जाईल तो शहाणा निघेल की मूर्ख, कुणास ठाऊक. आणि २३ मध्ये रात्रीसुद्धा मनाला चैन नाही. पोरांना ‘पैशात आनंद नसतो’ सांगितलंत तर ती मनात हसतील, कारण पहिला पगार हातात आल्यावर काय वाटतं ते त्यांना ठाऊक आहे. उपदेशकासारखं खरं सांगा.

टॉवेलवाला :
सातरस्ता सरांच्या आखणीला जोडून घरच्या अभ्यासाचं सांगतो. साधी शंभर पानी वही, प्रत्येकाला एक. चार रकाने आखायचे. तारीख आणि रक्कम, कशावर, घेताना काय वाटलं, आणि चौथा रकाना रिकामा ठेवायचा. तो तिसऱ्या दिवशी भरायचा : आता काय वाटतं? चहा-वडापावपासून सगळं लिहायचं, पण चौथा रकाना फक्त १०० रुपयांच्या वरच्या खर्चाला. नाहीतर कंटाळून चौथ्या दिवशी वही बंद.

दोन आठवड्यांत चित्र दिसायला लागतं. शर्ट, कव्हर, हॉटेल यांच्यापुढं तिसऱ्या दिवशी बहुधा ‘आठवत नाही’ किंवा ‘ठीक’ येतं. आजीची औषधं, भाच्याची फी यांच्यापुढं काय येतं ते त्यांचं त्यांनाच बघू द्या. तुम्ही निष्कर्ष सांगितलात की खेळ संपला. आणि वह्या गोळा करून तपासू नका. कोण कुणाला किती देणं आहे हे गल्लीत फिरायला एक दिवस लागतो.

पैशाच्या बाबतीत फसतं कुठं, तर तीन ठिकाणी.

एक, बोलीची भिशी. बाराजण, दरमहा २,००० म्हणजे पट्टी २४,०००. मोबाईल आत्ताच हवा म्हणून एकानं ३,००० सोडून बोली घेतली, हातात आले २१,०००, भरायचे मात्र पुरे २४,०००. सोडलेल्यातला त्याचा वाटा परत आला तरी घाईची किंमत त्यानंच मोजलेली असते. हे फळ्यावर मांडून दाखवा. अधीरपणाला दर असतो हे कळतं.

दोन, कर्ज काढून दिलेलं अर्पण. ‘विश्वासानं पेरा, शंभरपट येईल’ असं ऐकून १०,००० रुपये शेकडा ३ टक्के महिन्यानं उचलून देणारे आहेत. वर्षाचं व्याजच ३,६०० होतं. त्यांना २ करिंथ ८:१२ दाखवा. जवळ जे आहे त्यावरून दान मान्य होतं, जवळ नाही त्यावरून नाही, असं तिथं सरळ लिहिलंय. शंभरपटीचं वचन मार्क १०:३० मध्ये आहे खरं, पण तिथंच यादीत ‘छळणुकीबरोबर’ असा शब्द आहे. पेरणीवाले तो वाचत नाहीत.

तीन, दशांश भरला म्हणजे उरलेले नऊ हिस्से माझे, वाटेल तसे उडवीन, ही समजूत. १८,००० पगारातले १,८०० पाकिटात घालून १६,२०० ची हाव तशीच राहिली तर आनंद कुठून येणार?

विजापूरवेस :
टॉवेलवाला दादा, दशांशाचं तुम्ही फक्त भरण्याच्या बाजूनं सांगितलंत. अनुवाद १४:२२-२९ वाचून घ्या वर्गात. दशांश विकून पैसे गाठीला बांध, ठरलेल्या ठिकाणी जा, मनाला वाटेल ते घे आणि देवासमोर आपल्या घराण्यासह खा, आनंद कर, असं लिहिलंय. दर तिसऱ्या वर्षी तोच वाटा लेवी (मंदिरसेवा करणारा, जमीन नसलेला वंश), परके, अनाथ आणि विधवा यांच्यासाठी गावातच ठेवायचा, त्यांनी पोटभर खावं म्हणून. सोहळा आणि वाटणी, दोन्ही त्यात आहे. आपल्याकडं त्यातली पावती तेवढी शिल्लक राहिली.

टॉवेलवाला :
मान्य. तरी जुन्या करारातला दशांश आज जसाच्या तसा बंधनकारक आहे का, यावर मंडळ्या-मंडळ्यांत मतभेद आहेत, तिथं वर्ग अडकवू नका. २ करिंथ ९:७ वर सगळे एक येतात : मनात ठरवलं तसं द्या, कुरकुरत किंवा जबरीनं नको, संतोषानं देणारा देवाला प्रिय असतो.

जुनीगिरणी :
चर्चमध्ये जाणारा मी नाही, पण विषय वाचून राहवत नाही. ज्या गावात मिला बंद पडून पिढ्या उघड्यावर आल्या, जिथं बाया हजार विड्यांच्या हिशेबानं दिवसभर पाठ मोडून घेतात आणि वर छाट (नापास विड्या) काढली म्हणून मजुरी कापून घेतात, तिथं ‘जगिक लाभात आनंद नाही, आहे त्यात समाधान माना’ हे कुणाच्या सोयीचं आहे? मालकाच्या की मजुराच्या? तुमचा पौल कैदेत खूश होता, उत्तम. पण हे गरिबाला शिकवण्याआधी एकदा मालकाला शिकवा की.

सातरस्ता :
दादा, तुमचा प्रश्न वर्गात कुणीतरी विचारणारच, आणि विचारला नाही तर वर्ग घेणाऱ्यानं स्वतः काढावा. उत्तर त्याच कृत्ये १६ मध्ये आहे, आणि ते मवाळ नाही. रात्री गाणी गाणारा पौल सकाळी काय करतो? अधिकारी निरोप पाठवतात, सोडलं, जा गुपचूप. तो जात नाही. आम्ही रोमी नागरिक, चौकशीशिवाय चारचौघांत फटके मारलेत आणि आता चोरून घालवता? स्वतः येऊन बाहेर काढा, म्हणतो. वचन ३७. आणि ते येतात, विनवणी करतात. गाणारा आणि हक्क सांगणारा माणूस एकच आहे.

समाधानाचं जे वचन सगळे ऐकवतात (फिलिप्पै ४:११) तिथं ‘शिकलो आहे’ असं आहे, आणि ते पौल स्वतःविषयी बोलतोय. दुसऱ्याची मजुरी बुडवून त्याला समाधान मान म्हणायची मुभा त्यात कुठं नाही. उलट याकोब ५:४ : शेत कापणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडतेय आणि ते ओरडणं देवाच्या कानी गेलंय. जक्कय या श्रीमंत जकातदाराचं बघा, लूक १९:८. घरात ख्रिस्त आला तसा त्याचा आनंद रोखीत उतरला. अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याचं अन्यायानं घेतलं त्याला चौपट परत. मालकवर्गासाठी धडा हवा तर हा घ्या.

माझ्या मते विभागणी अशी करावी. माझ्या हावेला आवर, हे समाधान. शेजाऱ्याच्या हक्काला आवर, हे समाधान नव्हे. वर्गात चौथ्या आठवड्यात (फिलिप्पै ३) हा प्रश्न येऊ द्या, तोवर पोरं बोलायला लागलेली असतात.

जुनीगिरणी :
३७ वं वचन माहीत नव्हतं. प्रवचनात कधी निघत नाही वाटतं.

आशा_सिस्टर :
दोन गोष्टी शरीराच्या बाजूनं, कारण यावर कुणी बोलत नाही.

उपवास. लेंट फेब्रुवारी-मार्चपासून एप्रिलपर्यंत जातो. सोलापुरात मार्चच्या शेवटी पारा चाळिशीकडं असतो आणि लूमच्या शेडमध्ये त्याहून जास्त जाणवतं. पाण्याशिवायचा उपवास कारखान्यातल्या मुलांना अजिबात देऊ नका. चक्कर येऊन माणूस मशीनवर पडतो. इन्सुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या गोळ्या चालू असतील, गरोदर असेल, अंगावर पाजत असेल, पूर्वी खाण्याचा आजार झालेला असेल, तर जेवण सोडायचं नाही. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळीही सोडायची नाही. त्यांच्यासाठी दुसरं काही : रात्री नऊनंतर मोबाईल बंद, किंवा बाहेरचं खाणं बंद आणि ते पैसे बाजूला. बाकीच्यांनी एक वेळचं जेवण सोडावं, पाणी, लिंबू-मीठ-साखर चालू ठेवावं. रविवारी उपवास नाही, तो पुनरुत्थानाचा दिवस. कडक भाकरी भिजवून खाणाऱ्यानंही रविवारी बरं काहीतरी खावं.

दुसरं, ‘आनंद करा’ ही आज्ञा आजारी माणसाच्या डोक्यात मारू नका. दोन आठवडे किंवा जास्त दिवस मन उदास, कशात रस नाही, झोप-भूक बिघडली, मी निकामी आहे असं सारखं वाटतंय, तर ते विश्वास कमी पडल्याचं लक्षण नव्हे, डॉक्टरांचं काम आहे. मरणाच्या गोष्टी निघाल्या तर त्याच दिवशी. सरकारची टेली मानस हेल्पलाईन १४४१६, चोवीस तास, फुकट. हा नंबर वर्गाच्या फळ्यावर चाळीस दिवस राहू द्या.

आधाराला १ राजे १९ वाचा. एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही. झोपू देतो, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू देतो, परत झोपू देतो, परत खाऊ घालतो. प्रश्न त्यानंतर, डोंगरावर. हा क्रम उलटा केला की प्रार्थनेला येणारी मुलगी पुढच्या वेळी येत नाही.

विजापूरवेस :
सिस्टर, फार गरजेचं बोललात. याला लागूनच एक, जे आजार नाही पण आनंद खाऊन टाकतं. इजिप्तच्या वाळवंटात चौथ्या शतकात एवाग्रियस नावाचा साधू होता. त्यानं माणसाला छळणाऱ्या आठ विचारांची यादी केली, त्यातला सगळ्यात जड विचार दुपारचा. सकाळी दहा ते दोनच्या सुमाराला येतो म्हणतो. सूर्य हलत नाही असं वाटतं, माणूस खिडकीतून बघत राहतो कुणी येतंय का, मग ही जागा नको, हे काम नको, इथले भाऊ प्रेमाचे नाहीत, दुसरीकडं गेलो तर देव जास्त भेटेल. सोलापुरातली मेमधली दुपार आणि हातातला मोबाईल धरा, वर्णन तंतोतंत.

त्यावरचा त्याचा उपाय अगदी कोरडा आहे. जागा सोडू नका, हाताला काम ठेवा, आणि त्या-त्या विचाराला शास्त्रातलं एक छोटं वचन तोंडपाठ असू द्या, लगेच म्हणायला. प्रत्येकानं एकच वचन निवडावं. स्तोत्र ४:७ चांगलं आहे, धान्य-द्राक्षारसाच्या भरपुरीपेक्षा तू माझ्या मनात जास्त हर्ष घातलास, या अर्थाचं.

रात्रीसाठी इग्नाती लोयोला या सोळाव्या शतकातल्या संताची दिवसाची उजळणी. पंधरा मिनिटं, पाच पायऱ्या. आजच्या दोन-तीन नेमक्या गोष्टींबद्दल आभार, प्रकाश माग, सकाळपासून तासातासानं दिवस आठवून मन कुठं उघडलं आणि कुठं मिटलं ते बघ, चुकलं त्याची क्षमा, उद्यासाठी एक गोष्ट. नवशिके तिसऱ्या पायरीवर स्वतःची उलटतपासणी करत बसतात आणि रडवेले होऊन झोपतात. म्हणून आभाराची पहिली पायरी कधी गाळू नका, आणि तिथं ‘सगळ्याबद्दल’ असं मोघम नको. आज नळाला पाणी आलं, पूर्ण दाबानं आलं. असं.

त्याचा आणखी एक नियम वर्गात मोठ्यानं वाचा : मन कोरडं असताना आधी घेतलेला निर्णय बदलू नका. उलट प्रार्थनेला ठरवलेल्या वेळेपेक्षा थोडं जास्तच बसा. कोरडेपणाची कारणं तो तीन सांगतो. आपला आळस, देवानं घेतलेली परीक्षा, आणि आनंद हा आपल्या मालकीचा नाही, दान आहे, हे कळावं म्हणून. तरुण मुलं नेहमी पहिलंच कारण धरून स्वतःला झोडतात.

रेल्वेलाईन्स :
सगळ्यांचे आभार. वह्या, अनुवाद १४, सिस्टरांचा नंबर, सगळं टिपून घेतलं. दोन शंका. साक्षीचं काय करू? आणि सहावा आठवडा पवित्र सप्ताहात (ईस्टरच्या आधीचा शेवटचा आठवडा) येतोय, तेव्हा रोज उपासना असते, वर्गाला कुणी येणार नाही.

सातरस्ता :
साक्ष बंद करू नका, भांडणं होतील. नोकरी लागल्याचे आभार मानणं चूक थोडीच आहे. साक्षीला फक्त एक प्रश्न जोडा : ‘हे मिळालं नसतं तर कशाबद्दल आभार मानले असते?’ आधी कळवून ठेवा, अचानक विचारून कुणाला उघडं पाडू नका. लूक १०:२० जवळ ठेवा. येशूनं पाठवलेले सत्तरजण परत येतात, भुतंसुद्धा आम्हाला वश होतात म्हणून खूश. येशू म्हणतो, त्यात आनंद मानू नका, तुमची नावं स्वर्गात लिहिलेली आहेत त्यात माना. यश खरंच होतं, तरीही.

आणि फिलिप्पै ४:४ घेताना ४:२ सोडू नका. ‘प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा’ च्या दोनच वचनं आधी पौल युवदीया आणि सुंतुखे या दोन बायांना नाव घेऊन समेट करा म्हणतोय. दोघीही सुवार्तेच्या कामात त्याच्या बरोबरीनं झटलेल्या. आपल्याकडं आनंद आटतो तो बहुतेकदा गरिबीनं नाही, कमिटीच्या निवडणुकीनं. त्या आठवड्यात घरचा अभ्यास एकच : ज्याच्याशी बोलणं बंद आहे त्याला फोन. मेसेज नको, फोन.

पवित्र सप्ताहाचं सोपं आहे. कृत्ये १६ आणि फिलिप्पै १ एकाच आठवड्यात घ्या, म्हणजे वर्ग पाम संडेच्या (पवित्र सप्ताह सुरू होतो तो रविवार) आधी आटोपतो. पवित्र सप्ताहात फक्त घरचं वाचन : सोमवार ते बुधवार फिलिप्पै २:५-११, गुरुवारी योहान १५ आणि १६. ‘तुमचा आनंद तुमच्यापासून कोणी हिरावून घेणार नाही’ हे येशू धरला जाण्याच्या रात्री बोललाय, हे लक्षात आणून द्या. शुक्रवारी १२ ते ३ ची उपासना असतेच, वेगळं काही नको.

विजापूरवेस :
भजनासाठी ‘उपासना संगीत’ या चर्चच्या गीतसंग्रहातली ना. वा. टिळकांची घ्या. १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडणारा माणूस, या वर्गाला त्याच्याएवढा योग्य कवी नाही. पेटी-तबल्याची चावी कुणाकडं असते ते आधी विचारून ठेवा. बहुतेक चर्चमध्ये ती महिला मंडळाच्या कपाटात असते आणि ऐन वेळी काकू गावाला गेलेल्या असतात.

रेल्वेलाईन्स :
चावी पाळकसाहेबांकडं आहे, विचारलं. तबला उतरलाय म्हणे, भस्म बुधवारच्या आत चढवून घेतो.